तीन फायली तपासता आल्या नाहीत

रविवार, दसरा उलटल्यानंतरचा पहिला. जागा: राजारामपुरीतला आमचा फ्लॅट, पुढची खोली. हजर: मी, माझा नवरा, धाकटे दीर, इचलकरंजीहून मोटारसायकलवर, वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद, निपाणीहून सकाळच्या एसटीने, आणि आण्णा, माझे सासरे, ज्यांच्याबद्दल बोलायला बाकीचे जमले होते. गैरहजर: जाऊबाई, कारण त्यांना बोलावलं नव्हतं. चहा झाला होता, पोह्यांच्या बश्या टीपॉयवर तशाच होत्या, आणि विषय कुणीच काढत नव्हतं.

विषय एवढाच होता. आमच्या घरच्या कॉम्प्युटरमधला अँटिव्हायरस दर रविवारी सकाळी सगळ्या फायली तपासतो आणि शेवटी अहवाल देतो. अहवाल इंग्रजीत असतो. मराठीत सांगायचा तर असा: धोका आढळला नाही. तीन फायली तपासता आल्या नाहीत, कारण त्यांना पासवर्ड आहे. त्या तिन्ही फायली आण्णांच्या होत्या.

मी एका शाळेच्या कार्यालयात काम करते. तिथे कागदाची शेवटची ओळ आधी वाचायची सवय लागते, कारण अडचण नेहमी तिथेच लिहिलेली असते. घरातले बाकीचे ‘धोका नाही’ एवढं वाचून खिडकी बंद करत होते. मी खालची ओळ वाचली आणि आण्णांना विचारलं.

“आण्णा, या तीन फायली कसल्या?”

“कुठल्या?”

“एक, दोन, तीन अशी नावं आहेत.”

“त्या व्हय. काय न्हाई त्यात.”

“काही नाही तर कुलूप कशाला?”

“तुझी भाजी जळालीया बघ.”

मी गॅसच लावला नव्हता.

आण्णांची माहिती इथे देऊन ठेवते. त्यांनी जन्मभर कचेरीच्या बाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसून लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप केली. मराठी टाइपरायटर. कळांकडे बघायचे नाहीत. समोरच्या माणसाकडे बघत त्याचं रडगाणं ऐकायचे आणि बोटं आपली चालू. कुणाच्या घरात काय भानगड आहे हे त्यांना सगळ्या कोल्हापुरात सर्वांत आधी कळत असेल, पण घरी त्यातला एक शब्द कधी आला नाही. सासूबाई म्हणायच्या, यांना विचारण्यापेक्षा झाडाला विचारा. टाइपरायटर बंद पडल्यावर ते घरच्या कॉम्प्युटरवर आले. मराठीची अक्षरं त्याच जुन्या कळांवर बसवून घेतली आणि तसंच न बघता टाइप करायला लागले. आणि एक नवीन काम धरलं: स्थळं.

आमच्या जैन समाजात, इथून सीमेच्या पलीकडे बेळगावापर्यंत, लग्न ठरवताना पत्रिकेपेक्षा चौकशीला महत्त्व. मुलाचं शिक्षण, शेती, फोटो हे सगळं मोबाइलवर येतं. पण घर कसं आहे, आधी कुठे मोडलंय का, मुलगा संध्याकाळी कुठे बसतो, हे विचारायला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे आण्णा. दुपारी जेवणानंतर त्यांचा फोन सुरू व्हायचा. “पावणं, घर चांगलं हाय. पोरगाबी चांगला. पर थोरल्या भावासंगट बोलून घ्या, मी एवढंच म्हणतो.” एवढ्यावर पलीकडचा माणूस काय ते समजून जायचा.

उन्हाळ्यात कॉम्प्युटर फार हळू चालायला लागला, म्हणून माझ्या नवऱ्याने तो दुकानात दिला. दुकानदाराने सगळं पुसून नवीन टाकलं, फायली परत आत ठेवल्या, मराठीही नवीन टाकलं, आणि हा अँटिव्हायरस बसवून दिला. तेव्हापासून दर रविवारी ती ओळ. आणि तेव्हापासूनच आण्णा बदलले.

मी जे पाहिलं ते असं. कॉम्प्युटरसमोर बसले की ते दार लोटून घ्यायला लागले. मी चहा घेऊन गेले की पडद्यावरचं चटकन बंद करायचे. आधी कुणाचाही फोन आला की लगेच बोलायचे. आता “बघून सांगतो” म्हणायचे आणि सांगायचे नाहीत. एकदा कळंब्याच्या तळ्यावर फिरायला गेले ते बसने न येता रिक्षाने आले. विचारलं तर म्हणाले, बस भलतीकडेच वळली. बस भलतीकडे वळत नसते. आणि मी त्यांना एकदा कॉम्प्युटरशी बोलताना ऐकलं: “कोण हाय रे त्यो? कुणी हात लावला?”

मला पहिला संशय फसवणूक करणाऱ्यांचा आला. हल्ली कुणालाही फोन लावला की आधी सावधानतेची सूचनाच ऐकू येते. कुणीतरी आण्णांना गाठून काहीतरी पाठवलं असेल, कुलूप लावून, आणि कुणाला सांगू नका म्हणून दम दिला असेल. मी दुकानदाराला फोन केला.

“वैनी, यंत्राला कुलपातलं दिसत न्हाई,” तो म्हणाला. “पेटी बंद हाय, एवढंच ते सांगतंय. आत साप हाय का साडी, त्याला काय म्हायती?”

“मग धोका नाही असं कसं लिहितंय?”

“धोका दिसला न्हाई, असं लिहितंय. दिसला न्हाई आणि न्हाई, यात फरक हाय की.”

हे मी नवऱ्याला सांगितलं. त्याला फसवणुकीचं पटलं नाही. तो म्हणाला, “आण्णा कागद करत असतील.” कागद म्हणजे मृत्युपत्र. गावाकडची शेती आण्णांच्या नावावर आहे आणि ती कुणाकडे जाणार हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याने ते धाकट्या भावाला सांगितलं, त्याने बहिणीला. दसऱ्याला प्रत्येकाने दुसऱ्याला सोनं देताना नीट निरखून पाहिलं, आणि पुढच्या रविवारी सगळे आमच्याकडे आले.

शेवटी विषय दिरांनीच काढला. त्यांचे यंत्रमाग आहेत. मागांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय घरातही जात नाही.

“आण्णा, त्या तीन फायलींत काय हाय?”

“तुला कोण म्हणालं तीन?”

“सगळ्या इचलकरंजीला म्हायती हाय आता. उघडा की एकदा. आमचं काय वाकडं असंल तर ते तरी कळू दे.”

“लोकांचं हाय ते. तुझं न्हाई.”

“मग लोकांना दाखवता आणि लेकरांना न्हाई व्हय?” वन्सं म्हणाल्या. “मी येवढी निपाणीहून आलीया.”

“तुला कुणी बोलावलंतं?”

“वैनीनं.”

मी बोलावलं नव्हतं. फोनवर फक्त ‘या’ म्हणाले होते, आणि तेही त्यांनी विचारल्यावर. पण आण्णांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि गेले काही महिने ते माझ्याबद्दल काय समजत होते ते मला एकदम कळलं.

“हिनंच केलंय,” ते म्हणाले. “यंत्र दुकानात कुणी धाडलं? परत आलं त्या दिवसापास्नं माझ्या फायलींचं कुलूप बदललंय. मी टाकतोय तो पासवर्ड घेत न्हाई. कुणीतरी बदललाय त्यो. घरात यंत्राला हात लावणारं दुसरं कोण हाय?”

मग वन्सं हळू आवाजात म्हणाल्या, “म्हंजे तुमास्नीच उघडत न्हाई?”

आम्ही सगळे आत काय आहे याचा संशय घेत होतो. आण्णा लपवत होते ते वेगळंच. पेटी त्यांच्याकडूनच उघडत नव्हती, आणि ते आपल्याला आठवत नाही की कुणी बदललंय, याचा शोध एकटेच दार लोटून घेत होते.

“बसा बघू,” दीर म्हणाले. “टाका आमच्यासमोर.”

आण्णा बसले. पहिली फाइल उघडायला घेतली, चौकट आली, बोटं झरझर चालली. चौकटीत काळे ठिपके आले आणि खाली पाटी: पासवर्ड चुकीचा. पुन्हा टाकला. पुन्हा तेच. दुसऱ्या फाइलला तेच. तिसरीला त्यांनी हातच लावला नाही. उठले, चपला घातल्या आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. गॅलरीत जायला चपला लागत नाहीत.

मृत्युपत्राचं नाव मग कुणी काढलं नाही. दीर पहिल्यांदाच हळू बोलले. “आमच्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं. आधी म्हणायचे, कुणीतरी किल्ल्या लपवल्या. वर्षभरात घराचा पत्ता विसरले.”

“कळंब्याची बस,” माझा नवरा म्हणाला.

त्या पुढच्या खोलीतच सगळं ठरलं. आण्णांना एकट्याने बाहेर सोडायचं नाही. फिरायला जायचं तर सोसायटीच्या आवारात. स्थळांचं काम बंद; चुकून एकाची माहिती दुसऱ्याला सांगितली तर कुणाचं लग्न मोडेल आणि नाव घरावर येईल. फोन दुपारी नवऱ्याकडे. हे सगळं पाळायचं कुणी? मी. “वैनी व्यवस्थित हाय, ती बघंल,” दीर म्हणाले, आणि वन्संनी निघताना माझा हात दाबला. आण्णा गॅलरीतून आत आले तेव्हा आम्ही दिवाळीच्या फराळाबद्दल बोलत होतो. त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, “ठरलं?”

दिरांनी मोटारसायकलची किल्ली उचलली.

सोमवारी मी रजा काढली. कारण साधं होतं: मला खात्री नव्हती. कार्यालयात एखादा विद्यार्थी हजेरीत कमी दिसला तर मी आधी हजेरीपट बघते, मग विद्यार्थ्याला बोलावते. आण्णांना घरात डांबायचं तर आधी यंत्र बघायला हवं होतं. त्यांचं बाकी सगळं ठीक चालू होतं. सकाळचं वर्तमानपत्र मृत्यूच्या बातम्यांसकट पाठ. मला म्हणाले, “पहारा सुरू झाला व्हय?” मी म्हणाले, “रजा शिल्लक होती.” “रजा शिल्लक ठेवणारी बाई तू न्हवं. हिशेबानं संपवतीस.”

दिवाळीला मिठाई पाठवायची म्हणून मी आण्णांची जुनी पत्त्यांची फाइल उघडली. तिला पासवर्ड नव्हता. दुकानदाराने जुन्या मराठीचा फॉन्ट ठेवला होता, म्हणून ती नीट वाचता येत होती. फाइल मोठी, म्हणून वन्संच्या दिरांचा पत्ता शोधायला मी शोधायच्या चौकटीत ‘निपाणी’ टाइप केलं. यंत्र म्हणालं, हा शब्द या फाइलमध्ये नाही. मी पडद्याकडे पाहिलं. निपाणी समोर होतं. वरून तिसऱ्या ओळीत, ठळक.

मी पुन्हा टाइप केलं. नाही म्हणालं. आण्णांना हाक मारली आणि त्यांना टाइप करायला सांगितलं. त्यांनीही नीट ‘निपाणी’ टाइप केलं. नाहीच.

“बघ,” आण्णा म्हणाले, “खोटं बोलतंय ते. समोर दिसतंय आणि न्हाई म्हणतंय.”

मी दुकानदाराला फोन लावला आणि त्याला नेमकं तेवढंच सांगितलं. तो हसला.

“वैनी, जुनं मराठी नुसतं दिसायला मराठी होतं. आत एबीसीडीच जायची, वर मराठीचा मुखवटा. नवीन टाकलंय ते खरं मराठी. कळा त्याच ठेवल्यात, म्हातारं माणूस हाय म्हणून, त्यामुळं टाइप करताना फरक कळत न्हाई. पर यंत्राच्या लेखी जुनी निपाणी आणि नवी निपाणी ही दोन गावं झाली.”

“आणि पासवर्ड?”

“आयला,” तो म्हणाला. “तो तर जुन्यातच ठेवला असंल की.”

पासवर्डाच्या चौकटीत अक्षरं दिसत नाहीत, ठिपके दिसतात. आण्णांची बोटं बरोबर त्याच कळांवर जात होती. पूर्वी आत इंग्रजी अक्षरं जायची, आता मराठी. ठिपक्यांमुळे कुणालाच कळायचा मार्ग नव्हता. त्यांना नाही, आम्हाला नाही.

मी पडद्याच्या कोपऱ्यातलं मराठी बंद करून इंग्रजी केलं आणि खुर्ची त्यांना दिली. “आण्णा, आता पडद्याकडे बघू नका. कचेरीत टाइप करायचा तसा पासवर्ड टाका. मराठीच समजून टाका.”

“तू तिकडं तोंड कर.”

मी खिडकीकडे तोंड केलं. खाली रस्त्यावर क्लासला जाणाऱ्या मुलींच्या गाड्या चालल्या होत्या. मागे कळांचा झरझर आवाज झाला, मग थांबला, आणि आण्णा एवढ्या जोरात ओरडले की मला वाटलं काही लागलं.

“उघडली!”

फाइल एक: मुली. गावं, घरं, शिक्षण, आणि प्रत्येकीच्या खाली लोकांनी विश्वासाने सांगितलेलं. मला एवढंच दिसलं, कारण त्यांनी लगेच पडदा वळवून घेतला. “लोकांचं हाय. तुला म्हटलंतं न्हवं?” मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी एकेकाला धरलंच. “कुठं गेला तो मागवाला? सासऱ्याशी तुलना करत होता माझी. फोन लाव त्याला. न्हाई, लावू नगंस. दिवाळीला येऊ दे, पंगतीत बोलतो. आणि ती निपाणीची. येवढी आलीया म्हणं! जाऊ दे म्हणावं तेवढीच परत.”

“आणि मी? हिनंच केलंय, म्हणाला होतात.”

“तूच केलंस. यंत्र दुकानात तुम्हीच धाडलं.” पण हसत म्हणाले, आणि मला चहा टाकायला सांगितला, त्यांचा आणि माझाही.

फाइल दोन: मुलगे. तीही एका झटक्यात उघडली. पहिलीचा पासवर्ड वेगळा, हिचा वेगळा. बोटांना दोन्ही पाठ. चहा घेऊन मी आले तेव्हा आण्णा तिसऱ्या फाइलसमोर बसले होते. बोटं कळांवर ठेवलेली, पण चालत नव्हती. मग चालली. पासवर्ड चुकीचा. वेगळं काहीतरी टाकलं. चुकीचा. पहिल्या फाइलचा टाकून पाहिला, दुसरीचा टाकून पाहिला. मी मराठी परत चालू करून दिलं, बंद करून दिलं. चहावर साय आली.

“तिसरीत काय आहे, आण्णा?”

“आठवंल की.”

“काय आठवेल? पासवर्ड, की आत काय आहे ते?”

त्यांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं. “दोन्ही.”

त्यांनी कॉम्प्युटर स्वतःच बंद केला, नीट, जसा बंद करायचा तसा. मग म्हणाले, “थोरल्याला सांग, उघडल्या म्हणून.”

“दोन उघडल्या.”

“उघडल्या म्हण. किती त्ये कशाला?”

मी नवऱ्याला फोन केला आणि सांगितलं की चूक दुकानदाराची होती, पासवर्ड बरोबर होते, फायली उघडल्या, आत स्थळांची माहिती आहे. संध्याकाळी दिरांचा फोन आला. “म्हंजे कागद न्हाई?” मी म्हणाले, “मी जे पाहिलं त्यात नाही.” हे खरं होतं. ते मोठ्याने हसले, आण्णांना फोन द्यायला सांगितला आणि दोघं बराच वेळ एकमेकांवर ओरडत होते. आण्णांचा फोन आण्णांकडे राहिला. बुधवारी ते कळंब्याला गेले आणि बसने परत आले.

त्यानंतर मी दोन शक्यतांचा विचार करते आहे. एक: ते खरंच विसरले. एखादी गोष्ट कुलपात ठेवली होती, ती ठेवल्याचं कुलूप तेवढं शिल्लक आहे, आणि गोष्ट गेली. मग बस खरोखर भलतीकडे वळली नव्हती, आणि दिरांच्या सासऱ्यांचं जे झालं त्याची ही सुरुवात आहे. दोन: त्यांना पक्कं आठवतंय, आणि मी मागे उभी असताना त्यांनी मुद्दाम चुकीचं टाइप केलं. हा माणूस जन्मभर दुसऱ्याचं गुपित चेहऱ्यावर न आणता बसलेला आहे. माझ्यासमोर विसरल्याचं सोंग करणं त्याला कठीण नाही. मी फाइलची शेवटची तारीख पाहिली. यंत्र दुकानात जाण्याच्या बऱ्याच आधीची आहे. त्यावरून काहीच ठरत नाही. ते फोनवर बोलतात तेव्हा मी दाराशी थांबून ऐकते: गावांची नावं बरोबर असतात का, एका घराची गोष्ट दुसऱ्याला तर लागत नाही ना. आतापर्यंत सगळं बरोबर आहे. ते मला थांबलेली बघतात, आणि बोलणं आणखी सावकाश, आणखी स्पष्ट करतात.

रविवारचा अहवाल अजूनही तसाच येतो: धोका आढळला नाही, तीन फायली तपासता आल्या नाहीत. पहिल्या दोन फायलींचं कुलूप आण्णांनी काढलेलं नाही, त्यामुळे यंत्राच्या लेखी तिन्ही सारख्याच.

आमच्या गल्लीच्या पुढच्याच चौकात मेंदूच्या आजारांचे डॉक्टर आहेत. त्यांच्या दवाखान्याचा नंबर मी घेऊन ठेवला आहे. न्यायचं तर आण्णांना कारण सांगावं लागेल, आणि खरं कारण सांगितलं तर ते येणार नाहीत. नवऱ्याला सोबत घ्यायचं तर तिसऱ्या फाइलचं सांगावं लागेल, आणि मग रविवारी पुढच्या खोलीत ठरलेलं सगळं पुन्हा लागू होईल. वेळ अजून घेतलेली नाही.